चौथी बाजू

पवनीला आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आहे आणि मागच्या खोलीत माझं शिवणकाम. हेमराज, माझा नवरा, लुगडी विणतो. मी गोधड्या शिवते. मोठी गोधडी आता कोणी फारसं मागत नाही. लोकांना वीतभर गोधडी हवी असते, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायला. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे घेऊन येतात. मी नऊ चौकोन कापून जोडते, खाली जुन्या धोतराचे दोन थर आणि अस्तर घालते, कडेपासून आत आत धावदोरा घालत जाते आणि शेवटी चारी बाजूंना गोट, म्हणजे कापडी पट्टीची किनार, लावते. दोन दिवसांचं काम.

फेब्रुवारीत रत्नमाला आली. दिघोरीच्या बाजूची, ढिवराच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरातली सून. तिचा नवरा फकिरा ऑक्टोबरात सकाळी तलावावर जाळं टाकायला गेला होता. लाकडी डोंगा पाण्यावर उलटा सापडला, फकिरा सापडला नाही. आठ दिवस माणसांनी पाणी ढवळलं. शेवटी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला आणि तेरवी उरकली. सासू, बायाबाई, त्या दिवशी जेवली नाही. तिनं सुनेच्या बांगड्याही फोडू दिल्या नाहीत. भिंतीवर गोधडी लागली की तो गेला हे म्हातारीला पटेल, असं रत्नमालेचं म्हणणं होतं. तिनं नवऱ्याचा बाजाराला घालायचा निळा चौकटीचा शर्ट माझ्यापुढे ठेवला.

शर्ट धुतलेला, इस्त्रीचा होता. मी चौकोन कापले तेव्हा ते हाताला ओलसर लागले. पुन्हा इस्त्री फिरवली. वाफ निघाली आणि खोलीत शिंगाड्याच्या वेलाचा, गाळाचा वास आला. पाणी शिंपडताना जास्त झालं असेल, असं मी धरलं.

दुसऱ्या दिवशी धावदोरा पुरा झाला. दुपारी गोट घेतला. तीन बाजू लागल्या. चौथ्या बाजूला वळताना मी गोधडी मांडीवर सपाट केली आणि तिच्यावर हात ठेवला.

हाताखाली ती वर आली. मग खाली गेली.

मी हात काढला. पंखा बंद होता. खिडकी मी उठून लावून घेतली. गोधडी पाटावर ठेवली आणि पाहत बसले. निळे चौकोन फुगत होते आणि बसत होते. उघड्या चौथ्या बाजूतून बारीक हवा येत होती. मी तिथं दोऱ्याचं टोक धरलं तर ते हललं.

हेमराजला हाक मारली. तो हसतच आला, हात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग हात धुवायला गेला. त्या दिवशी माग पुन्हा चालला नाही.

मी रत्नमालेला फोन करून एवढंच सांगितलं, की गोट लावण्याआधी एकदा येऊन पाहून जा. ती सकाळच्या गाडीनं आली. सोबत बायाबाईही होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. लहानखुरी, उन्हानं काळवंडलेली, बोटं जाळ्याच्या दोरीनं कापलेली. मी काही सांगायच्या आत तिनं गोधडी उचलून छातीशी धरली. तिला नवल वाटलं नाही.

"दोन आखूड, एक लांब," ती म्हणाली. "लहान होता तवापासून असाच दम घेते."

रत्नमालेनं हात लावला नाही. ती भिंतीला टेकून उभी होती. बायाबाई माझ्याकडे वळली.

"हे बाजू बंद नोको करू, बाई."

"शिवून टाका, ताई," रत्नमाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चार महिने झाले. रोज सकाळी टिकली लावू का नोको, मले समजत नाही."

दोघी माझ्याकडे पाहत राहिल्या. मी मॅट्रिक शिकलेली बाई. सुती कापड हवा धरतं, थर फुगतात, म्हातारीचं मन तिला हवं ते ऐकतं, असं मी स्वतःला समजावलं. कपडे रत्नमालेनं आणले होते, काम तिचं होतं. आणि तिचा तो हात, सारखा कपाळाकडे जाणारा, मला पाहवत नव्हता. मी बायाबाईच्या हातातून गोधडी घेतली. तिनं ओढली नाही.

मी गोट दुमडला आणि टाके घालू लागले.

निम्मी बाजू झाली तशी गोधडी भरभर हलू लागली.

शेवटी बोटभर जागा उरली. तिथून येणारी हवा माझ्या अंगठ्यावर लागत होती. गरम होती.

मी तीन टाके घातले. गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

गोधडी सपाट पडली.

बायाबाईनं हेमराजला वेळ विचारली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती रडली नाही. पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्यापाशी जाऊन बसली.

पाऊण वाजता रत्नमालेचा फोन वाजला. तिचा दीर वीरेंद्र होता. तिनं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. तलावात त्याच्या जाळ्यात फकिराचं प्रेत आलं होतं.

आठव्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी गेलो. हेमराजच बोलला. फकिरा ऑक्टोबरात कुठंतरी निघून गेला असेल, सापडला त्या दिवशीच परतला असेल, तलावावर पाय घसरला असेल. गावातही बरेच जण तसंच म्हणत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीसुद्धा विचारलं होतं, की हा आज सकाळी किती वाजता पाण्यात गेला.

वीरेंद्र खाली पाहून ऐकत होता. भावाला पाण्यातून त्यानंच उचललं होतं.

"दाढी गळ्यापावेतो वाढली होती," तो म्हणाला. "पायाच्या बोटांत शेवाळ रुजलं होतं, हातानं उपटलं तरी निघेना. मधात गोगलगायीची अंडी होती."

त्यानं आपला तळहात उघडून पाहिला.

"अन् आंग गरम होतं."