भिंतीवर टांगलेली गल्ली

“आई कधी मेली?” ढब्बूने विचारलं.

“हळू बोल.” चिमणीने धाकट्या भावाला टपली मारली आणि भिंतीवरची पाटी पुन्हा वाचली.

सुट्टीचा तिसरा दिवस. मामेभाऊ प्रोफेसर (चष्मा आणि आगाऊपणा, दोन्हींमुळे पडलेलं नाव) त्यांना शहराच्या कलादालनात घेऊन आला होता, कारण तिथले पंखे चांगले होते. आणि समोर त्यांची अख्खी गल्लीच टांगलेली! सोफ्याच्या कापडाचे तुकडे जोडून शिवलेलं मोठं जाजम. त्यात न्हावीकाका, घड्याळवाले आजोबा, निळ्या सायकलवर आई, आजोबांचा तीन पायांचा कुत्रा लंगड्या. फक्त आई आणि लंगड्या उलटे. डोकं खाली, पाय वर.

पाटीवर लिहिलं होतं : ‘कलाकार अज्ञात. उलट्या आकृती म्हणजे मृत पूर्वज. तीन पायांचा प्राणी म्हणजे अपूर्ण राहिलेलं आयुष्य.’

“अज्ञात कसलं डोंबलाचं? हे गादीवाल्या मावशीने शिवलंय,” चिमणी म्हणाली. “न्हावीकाकांची विजार बघ. माझ्या जुन्या दप्तराचा खिसा आहे तो.”

बाजूच्या दालनात प्रत्येक चित्रकाराचं नाव होतं, फोटो होता, तो कुठे शिकला आणि सकाळी किती वाजता उठतो तेही होतं. या भिंतीवर दूरदेशांतून शहरात आलेल्या लोकांच्या पाच वस्तू होत्या. पाचही अज्ञात. आणि प्रदर्शनाचं नाव काय, तर ‘विसरलेल्यांची आठवण’.

तिघं पळत दुकानात गेली. गादीवाली मावशी वीस वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आली होती. दिवसभर लोकांच्या गाद्या आणि सोफे दुरुस्त करायची. आत्ता तिच्या तोंडात टाचण्या होत्या. सगळं ऐकल्यावर तिने त्या एकेक करून काढल्या.

“जाजम दिलं तेव्हा फॉर्म भरला होता. आमच्याकडच्या लिपीत, दुसरी मला येत नाही. कारकून म्हणाला, हे वाचता येत नाही.”

“आणि माणसं उलटी का?” चिमणीने विचारलं.

“उलटी कुठे? ते जमिनीवर घालायचं. दोन्ही बाजूंनी बसायचं. ज्याला त्याला आपल्या बाजूची माणसं सरळ. सांगितलं होतं मी. आमच्याकडे माणसं कोणी भिंतीवर टांगत नाही.”

कोपऱ्यात अर्धवट शिवलेलं दुसरं जाजम दोरीने करकचून बांधलेलं होतं.

“हे कधी पूर्ण होणार?” ढब्बूने विचारलं.

“नाही होणार. बास झालं.”

चिमणीची कानशिलं तापली. ती तडक संचालकांकडे गेली.

“बाळ, पाटी विद्वानांनी लिहिली आहे,” संचालक कागदांतून मान वर न करता म्हणाले.

“त्यांनी शिवणारीला विचारलं?”

“कोणाला विचारणार? कलाकार अज्ञात आहे ना.”

असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्रदर्शनाचं औपचारिक उद्‌घाटन त्याच संध्याकाळी पाचला होतं.

पाच वाजता दालन पाहुण्यांनी आणि गल्लीतल्या माणसांनी भरलं. मावशी यायला तयार नव्हती. “तुमच्यासाठी नको, आई जिवंत आहे ते सांगायला चला,” असं म्हणून चिमणीने तिला ओढत आणलं होतं. संचालक छडीने जाजम दाखवत होते. ढब्बूने हात वर केला.

“सर, ती सायकलवरची बाई नक्की मेलीय?”

“निःसंशय. फार पूर्वी.”

“अहो, सकाळी ड्यूटीवर गेले तेव्हा तर बरी होते,” नर्सच्या गणवेशातली आई मागून म्हणाली.

पाहुणे हसले. तेवढ्यात प्रोफेसरने टेबलावरच्या लांब चादरीचं टोक उचललं. खालून लंगड्या टुणटुणत बाहेर आला आणि स्वतःच्या चित्राखाली बसून कान खाजवू लागला.

“अपूर्ण राहिलेलं आयुष्य,” प्रोफेसर म्हणाला. “बिस्कीट दिलं की शेपूटही हलवतं.”

“याने काय सिद्ध होतं?” संचालक लालबुंद झाले.

“हे या मावशींनी शिवलंय. त्यांचा फॉर्म आणा,” चिमणी म्हणाली.

सगळे बघत होते, त्यामुळे आणावाच लागला. नावाच्या रकान्यात सुबक, वळणदार अक्षरं होती. त्यांवर लाल शाईने लिहिलं होतं : ‘वाचता येत नाही. अज्ञात.’

“वाचता तुम्हाला येत नाही,” चिमणी म्हणाली, “आणि अज्ञात त्या?”

कोणी हसलं नाही.

जाजम खाली उतरलं. मावशीने चपला काढल्या, ते जमिनीवर पसरलं आणि एका कडेला बसली. मग सगळेच दोन्ही बाजूंनी बसले. आईला पहिल्यांदाच आपली सायकल सरळ दिसली.

“शाब्बास पोरांनो,” घड्याळवाले आजोबा म्हणाले. “वीस वर्षं मी तिच्या दुकानात जातोय. नाव कधी विचारलं नाही.”

चिमणीची मान खाली गेली. तिने तरी कुठे विचारलं होतं?

संचालकांनी कोरी पाटी पुढे केली. मावशीने आपल्या लिपीत आपलं नाव लिहिलं.

“हे वाचायचं कसं?” त्यांनी विचारलं.

“शिका,” मावशी म्हणाली.

“आधी मला शिकवा,” म्हणत चिमणीने तळहात पुढे केला. मावशीने त्यावर पहिलं अक्षर काढलं.

“आणि त्या बाकीच्या चौघांचे फॉर्म कुठायत?” ढब्बूने विचारलं.

संचालक उठले आणि कपाटाकडे गेले. मावशीने मान डोलावली.

“दुकानात चल,” ती ढब्बूला म्हणाली. “दोरीची गाठ घट्ट बसलीय. सोडायला दोघं लागतील.”