वैयक्तिक हितसंबंध

जिल्हा कचेरीच्या बाकावर मी राजीनामा घेऊन बसले होते. शेजारी एक भिजलेला तरुण छत्री झटकत होता. विवरणपत्र भरलं नाही म्हणून यालाही माझ्यासारखंच बोलावलं असणार, असं समजून मी सुरू झाले.

“गावच्या पंचायतीची बिनपगारी सभासद मी. पोटासाठी पलाचिंता, म्हणजे चीज भरलेल्या पोळ्या, भाजून विकते. आणि या मालमत्तेच्या विवरणपत्रात विचारतात, जहाजात भागीदारी आहे का! आमच्या गावाला धड तळं नाही हो.”

तो हसला. “जहाजाचा रकाना काढा, असं मीही सांगितलंय.”

“तुम्ही कोण सांगणारे?”

“ओविदिऊ. हे विवरणपत्र सोपं करायचं काम माझ्याकडे आहे.”

मी जीभ चावली. तो मात्र माझ्या हातातला कागद वाचून गंभीरपणे म्हणाला, “राजीनामा देऊ नका, इलिंकाबाई. कुठे अडता ते दाखवा. तेवढं सोपं करू.”

गावच्या बालवाडीचं छप्पर पंचायतीकडून अजून करून घ्यायचं होतं. मी कागद पर्समध्ये परत ठेवला.

मग तो राजधानीतून, किशिनाऊहून, आमच्या गावी येऊ लागला. दुकानातल्या टेबलावर कच्चा नमुना पसरायचा. मी अडायची, तो खोडायचा. पानं कमी होत गेली, त्याचं येणं वाढत गेलं. पण खायचं नाव नको. भट्टीतून वास सुटला की बिचारा खिडकीबाहेर पाऊस बघत बसायचा.

“एक तुकडा खाल्लात म्हणून सरकार बुडणार नाही.”

“तुमचं विवरणपत्र मलाच तपासायचंय. तुमच्याकडचं पाणीसुद्धा…”

“पाण्याचे पैसे घेत नाही मी.”

“म्हणून तर नको,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला. “एका छताखाली… सोबत कोण राहतं?”

“मांजर. लिहू?”

“नको. म्हणजे… दुसरं कोणी—?”

“कोणी नाही. काढून टाका ना हाही रकाना.”

“हा राहू दे,” तो खाली बघत म्हणाला.

विवरणपत्र दोन पानांचं झालं. मी ते चहा गार व्हायच्या आत भरून पाठवलं, आणि ओविदिऊ यायचा बंद झाला. गरज सरो, वैद्य मरो! मला राग आला, नंतर रडूही आलं. तो मला आवडायला लागला होता, हे तेव्हा कळलं.

एके दिवशी कचेरीतून एका बाईंचा फोन आला. “तुमचं विवरणपत्र आता मी तपासणार. आधीच्या अधिकाऱ्यांनी लेखी कळवलंय, तुमच्याबाबत त्यांचे वैयक्तिक हितसंबंध आहेत.”

“हितसंबंध?” मी भडकलेच. “माझ्या दुकानात त्यांचा एक लेऊसुद्धा गुंतलेला नाही! पाण्याचा घोट घेतला नाही त्यांनी!”

बाई हसू दाबत होत्या. “अहो, हितसंबंध काय पैशाचेच असतात?”

मी फोन धरून तशीच उभी राहिले. भट्टीतलं सगळं करपलं.

शनिवारी तो दारात उभा. “आधी कचेरीला कळवावं लागतं,” तो म्हणाला. “नियम आहे.”

“म्हणजे माझ्याआधी सगळ्या कचेरीला कळलं!”

“चुकलंच. पण मला तुम्ही आवडता, इलिंका… फार.”

मी गरम पलाचिंता ताटलीत घालून त्याच्यापुढे सरकवली. त्यानं जीभ भाजेपर्यंत घाईनं खाल्ली, बोटं चाटली आणि ताटली पुन्हा पुढे केली.

“पुढच्या वर्षी त्या छताच्या रकान्यात,” भरल्या तोंडानं तो म्हणाला, “मांजराबरोबर आणखी कोणी…?”

“आधी घास गिळा,” मी म्हटलं. “मांजराला विचारावं लागेल. माझी हरकत नाही.”