पापणीमाप

डब्यांच्या सत्तावन्नाव्या लॉटची चाखणी होती, म्हणून बोगदा क्रमांक तीनमधली एकशेचाळीस कुटुंबं सकाळीच अंघोळी उरकून बसली होती. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं, पण चाखणीला पारोसं यायचं नाही हा नियम कोणी न करताच झाला होता. मधोमध पाटावर हौसाबाई तळपे बसल्या होत्या. वय सहासष्ट, अंगाने काटकुळ्या, पण पाटावर बसल्या की गावच्या पाटलीणबाईंचा रुबाब. समोर कुंकवाचं बोट लावलेला डबा. शेजारी मानाचा खण आणि नारळ. खण म्हणजे जुन्या साडीचा तुकडा, आणि नारळ मिळत नसल्यामुळे घासून लख्ख केलेला एक रिकामा डबा.

यावेळी लॉट खिरीचा होता. बारा डब्यांतून थोडी थोडी काढून एकत्र केलेल्या खिरीचा एक चमचा डॉक्टर रेहाना मुजावर यांनी पुढे केला. हौसाबाईंनी तो तोंडात घोळवून गिळला.

"ग्वाड हाये," त्या म्हणाल्या, आणि बोगदाभर हसू पसरलं. दीड वर्षात कोणी गोड खाल्लं नव्हतं.

हे लोक बोगद्यात का राहत होते ते आधी सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी गवताला करपा लागला. भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सगळी मुळात गवताचीच भावंडं, त्यामुळे एका रोगाने सगळ्यांना एकदमच गिळलं. गुरं चाऱ्यावाचून गेली. डोंगरातले कंद लोकांनी पहिल्याच वर्षी उकरून संपवले, आणि डाळी-भाज्यांचं बियाणंही भुकेपोटी खाऊन टाकलं. कारखान्यांनी शेवटचं जेवढं धान्य, जेवढं दूध हाती होतं तेवढं शिजवून डब्यांत भरलं, आणि सरकारने ते घाटातल्या बंद पडलेल्या रेल्वे बोगद्यांत रचून ठेवलं. बोगदे थंड आणि कोरडे असतात. डब्यांमागोमाग माणसंही तिथेच राहायला आली.

डब्यावर तारीख छापलेली असते. करपा येण्याआधी शिकलीसवरलेली माणसंसुद्धा ती उलटली की डबा फेकून देत. खरं तर ती तारीख चवीची असते, जिवाची नव्हे. डबा गंजला नसेल, शिवणीवर चेपला नसेल, तर आतली डाळ छापील तारखेनंतर कैक वर्षं खाता येते. अननस, टोमॅटो यांचं मात्र तसं नाही. त्यांचं आम्ल डब्यालाच आतून खात राहतं, म्हणून बोगद्यात ते आधी संपवले गेले. आणि नासलेला डबा बहुतेक वेळा स्वतःच बोंब मारतो. फुगतो, उघडताना फुसकन हवा सोडतो, घाण वास मारतो. निदान पूर्वी तसं होतं.

मग "मुका" आला. डब्यात हवेवाचून वाढणाऱ्या जुन्या जीवाणूचाच हा नवा वाण. घाईगर्दीत कमी तापवलेल्या डब्यांत त्याची बीजं तगून राहिली आणि पाच-सहा वर्षांनी जागी झाली. मुका हवा सोडत नाही, म्हणून डबा फुगत नाही. त्याला वास नाही, चव नाही. जुन्या जीवाणूचं विष दहा मिनिटं खळाखळा उकळलं की मरत असे. मुक्याच्या विषाला उकळण्याचंही काही वाटत नव्हतं. हे विष नस आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. सगळ्यांत आधी थकते पापणी, सगळ्यांत शेवटी श्वासाचा स्नायू. पूर्वी अशा विषाची परीक्षा प्रयोगशाळेतल्या उंदरांवर होत असे. बोगद्यातले उंदीर पहिल्या दोन वर्षांतच संपले होते, कसे ते कोणी विचारत नाही.

म्हणून माणूस. एका चमच्याने माणूस मरत नाही, पण त्याची पापणी खोटं बोलत नाही. चाखणाऱ्याने तीन दिवस रोज दुपारी छताला ठोकलेल्या खिळ्याकडे मान न हलवता बघत राहायचं आणि बाकीच्यांनी मोठ्याने एकशेवीसपर्यंत मोजायचं. त्याआधी पापणी पडली तर लॉट दरीत. डॉक्टरीणबाई ह्याला पापणीमाप म्हणत, आणि लोकही तोच शब्द वापरत.

सरकारी सूचनापत्रात आणखी एक ओळ होती. चाखणारा दर सहा महिन्यांनी बदलावा. डॉक्टरीणबाईंनी एकदा तसं करून पाहिलंही. पण तोवर चाखणीला मानाचं रूप आलं होतं आणि मान असा काढून घेत नाहीत. हौसाबाई दोन दिवस रुसून अंथरुणात पडून राहिल्या आणि दुसऱ्या कोणी चाखलेले डबे घ्यायला एकही घर पुढे येईना. हौसाबाईंच्या हाताला यश आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. बाळांचं उष्टावणही त्याच करत. पहिला घास त्यांच्या हातचा लागला की पोर धडधाकट होतं, असं लोक मानू लागले होते. डॉक्टरीणबाईंनी नाद सोडला. लोक शांत राहतात ना, मग राहू दे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी हौसाबाईंनी खिळ्याकडे बघत एकशेवीस काय, दोनशे गाठले. लॉट पास झाला. खिरीचे डबे घरोघर गेले. हौसाबाईंच्या लेकीचं, कुसाचं, सात महिन्यांचं बाळ ह्याच खिरीसाठी थांबलं होतं. कुसाचं दूध आठवड्यापूर्वीच आटलं होतं, इतर आयांचं त्यांच्याच पोरांना पुरत नव्हतं, आणि बाळ दवाखान्यात राखून ठेवलेल्या साखरेच्या पाण्यावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उष्टावण ठरलं.

वहीत निकाल लिहिताना डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. एकतीस, चौतीस आणि अडतीस ह्या तीन लॉटना हौसाबाईंच्या पापण्या पडल्या होत्या. अडतीसनंतर एकदाही नाही. अडीच वर्षं, एकोणीस लॉट. डबे म्हातारे होत चालले होते आणि निकाल मात्र सुधारत चालले होते. हे उलटं आहे हे कुठल्याही शेंबड्या पोराच्या लक्षात आलं असतं, आणि त्यांना अडीच वर्षं लागली.

त्यांनी हौसाबाईंचं थोडं रक्त घेतलं. काचेवर चिकट खळीचा थर पसरून त्याच्या एका टोकाला त्या रक्तातलं पाणी आणि दुसऱ्या टोकाला अडतिसाव्या लॉटचं जपून ठेवलेलं विष टाकलं. रक्तात विषाचा उतारा तयार झालेला असेल, तर दोन्ही मधल्या वाटेवर भेटतात आणि तिथे पांढरी रेघ उमटते. शेजारच्या काचेवर विषाच्या जागी खीर टाकली. आणखी दहा माणसांचं रक्त तपासलं, स्वतःचंही.

सकाळी सगळ्या काचांवर रेघा होत्या.

उष्टावणाची माणसं जमत होती. डॉक्टरीणबाईंनी हौसाबाईंना दवाखान्याच्या पडद्याआड बोलावून घेतलं.

"मावशी, तुमच्या पापण्यांना आता काही कळत नाही."

"म्हंजी वं काय बाई?"

"चमचा चमचा खाऊन विष तुमच्या अंगाच्या ओळखीचं झालंय. अंगानं त्याचा उतारा तयार केलाय. आता विषारी डबा खाल्लात तरी पापणी पडायची नाही."

"मंग बरंच की. म्या मरायची न्हाई."

"तुम्ही नाही, मी नाही. इथलं कुठलंच मोठं माणूस नाही. पास झालेल्या लॉटांत थोडं थोडं विष होतंच. ते खाऊन सगळेच मुरलोय. आणि ह्या खिरीत ते आहे."

हौसाबाई काचेवरच्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांना शाळा माहीत नव्हती, पण नेमकं विचारायचं काय ते कळत होतं.

"मंग मेलं कोन?"

डॉक्टरीणबाई वही चाळू लागल्या. तोवर हौसाबाईंनीच बोटांवर मोजलं. "भांगऱ्यांची पोर. घोड्यांचा दत्तू. मुठ्यांची मंजुळा." तीन बोटं मिटून त्या थांबल्या. "तिघंबी उष्टावनानंतर धा दिसांत गेली."

"मी न्यूमोनिया लिहिलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "श्वास थांबला म्हणून तसं वाटलं. आईचं दूध असतं तोवर त्यातून थोडा उतारा बाळाला मिळतो. पहिला घास खाल्ला की ते एकटं पडतं."

"घास म्या दिला."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुमी सांगितलं व्हतं, दुसरं कुनी बसवा. म्या रुसले." हौसाबाईंनी हातातला, नारळाच्या जागचा मानाचा डबा खाली ठेवला. "दुसरं कुनी असतं तर पापनी पडली असती. आन् ती तीन पोरं आज खेळत असती."

बाहेर कोणीतरी हाक मारली. बाळ भुकेने किरकिरत होतं.

"पोरीला दुसरं काय द्यायचं?" हौसाबाईंनी विचारलं.

"साखरेचं पाणी. त्यावर दहा दिवस निघतील, जास्त नाही. शिल्लक लॉटही रात्री काचेवर तपासले, सगळ्यांत रेघ आली. डब्यांची पुढची सरकारी गाडी दोन महिन्यांनी, आणि त्यातले डबेही त्याच कारखान्यांचे, त्याच वर्षाचे. मोठ्यांच्या रक्तातला उतारा काढून तिला टोचता आला असता, पण तो शुद्ध करायची यंत्रं केव्हाच भंगारात गेली."

"आमाला जसं मुरवलं तसं तिला मुरवता येईल का?"

हा प्रश्न डॉक्टरीणबाईंनी पहाटेपासून स्वतःला शंभरदा विचारला होता. "सुईच्या टोकावर मावेल एवढ्यापासून सुरुवात करायची. रोज वाढवायचं. दहा दिवसांत चमच्यापर्यंत पोचावं लागेल."

"आमाला किती दिस लागले?"

"वर्षं लागली, मावशी. आणि तुम्ही मोठ्या होतात."

"बोगद्यात असली पोरं किती?"

"सहा."

"त्यातली किती ऱ्हातील?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही."

हौसाबाईंनी कुसाला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं, तीन पोरांचं धरून. काही वगळलं नाही. कुसा बाळाला छातीशी धरून उभी राहिली. तिने आईकडे बघितलं नाही.

"तूच दे," शेवटी ती म्हणाली. "आता दुसऱ्या कुनाच्या हातून नको."

डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन जमलेल्या माणसांना जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. भांगऱ्यांची सून मधेच उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हौसाबाईंना कोणी वाईट बोललं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, पण कोणी बोललं नाही.

त्या पाटावर बसल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं. ताटलीत खीर होती आणि चमच्याच्या जागी उकळून घेतलेली सुई. बोथट टोक खिरीत बुडवून त्यांनी ते बाळाच्या जिभेला लावलं.

बाळ गप्प झालं. त्याने जीभ फिरवली, ओठ चाटले. जन्मात पहिल्यांदा त्याला खिरीची चव कळली होती. ते हसलं आणि आणखी हवं म्हणून त्याने हौसाबाईंच्या हाताकडे झेप घेतली. हौसाबाईंनी हात मागे नेला.

बाळाला खिळ्याकडे बघ म्हणून सांगता येत नाही. पापण्यांवर नजर ठेवायची, एवढंच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पहिला परिणाम काही तासांत दिसेल किंवा दोन दिवसांत, हेही सांगितलं होतं. पण लोकांना सवय होती. मागून कोणीतरी "एक" म्हणालं, आणि मग सगळेच हळू आवाजात मोजू लागले.

चाळीसला बाळ मुठी चोखत होतं. साठाला ते पुन्हा हौसाबाईंच्या तोंडाकडे बघून हसलं. आठवडाभर भुकेने ते नीट झोपलं नव्हतं, आणि मांडी उबदार होती. नव्वदच्या पुढे त्याचे डोळे बारीक झाले. हौसाबाईंनी त्याला हलवलं. त्याने डोळे उघडले, मिटले, पुन्हा अर्धे उघडले.

"बाई," हौसाबाई म्हणाल्या. "ही निज हाये का?"

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. त्यांनी बोट पुढे नेलं, पापणी उचलून बघावी म्हणून, आणि ते तसंच थांबलं. झोपलेल्या बाळाची पापणी आणि विष चढलेल्या बाळाची पापणी बोटाला सारखीच लागते, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

मागे लोक मोजत होते. एकशेअकरा. एकशेबारा. बाळाच्या पापण्या पूर्ण मिटल्या होत्या.