खिडकीजवळचं ‘हं’

वीज येईल तेव्हा येईल. मेणबत्ती नको, उगाच उकाडा वाढतो. बसा असेच. ही घडलेली गोष्ट आहे, माझ्या मित्राची.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, तेव्हापासून आमची दोस्ती. तो लेखक. निवृत्त झालो म्हणायचा आणि त्याच दमात म्हणायचा, एक पुस्तक राहिलंय. बायकोवरचं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलानं त्याला बजावलं होतं, “बाबा, या उन्हाळ्यात पुस्तक झालं तर ठीक. नाहीतर घराला कुलूप लावून आमच्याकडे चला.” घर सोडायची कल्पनाच त्याला सहन व्हायची नाही. पण उन्हाळा असा, की कागद घामानं मनगटाला चिकटायचे. एप्रिलभर गड्यानं चार ओळी लिहिल्या, त्याही खोडल्या. शेवटी रात्री जरा गार झालं की तो मोबाईलवर बोलून मजकूर रेकॉर्ड करायला लागला.

त्याची एक जुनी खोड होती. प्रत्येक वाक्य तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचा. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून “हं” म्हणायची. म्हणाली तर वाक्य राहायचं, गप्प बसली तर खोडायचं. त्याची मुद्रितं मी तपासली खरी, पण माझ्याआधी ती तपासून झालेली असायची.

मे महिन्यातला दुसरा शनिवार. रात्री पावणेअकराला त्याचा फोन आला. “तुझा चार्जर घेऊन ये. माझा बिघडलाय.” दोन गल्ल्या तर अंतर. चपला सरकवल्या आणि गेलो.

दार उघडलं ते माझ्याकडे रोखून बघतच. चार्जरकडे पाहिलंही नाही.

“या घराची एक किल्ली तुझ्याकडे आहे ना?”

“आहे. तूच दिलीस.”

“रात्री येतोस इथे?”

मला रागच आला. “उन्हानं डोकं फिरलंय तुझं.”

त्यानं मोबाईल पुढे धरला. त्याचा आवाज, एक वाक्य. मग बारीक “हं”. पुढचं वाक्य. “हं.”

“बोलताना खोलीत काही ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “नंतर लावलं की येतं. आधी वरच्या भाडेकरणीवर संशय घेतला, ती गावाला गेलीय. मग सुनेवर, ती इथे येतच नाही. उरलास तू.”

खरं सांगू, माझा संशय त्याच्यावरच. म्हातारा स्वतःच हुंकार देत असणार. म्हटलं, “माझ्यासमोर बोल.”

दाराला कडी लावली. खिडकी मी बंद केली. त्याच्या ओठांवरची नजर हलवली नाही.

“शेवटच्या रात्री मी तिच्या उशाशी जागा होतो.”

लावून ऐकलं. काही नाही.

पुन्हा बोलला. पुन्हा काही नाही.

“बघ,” मी म्हणालो, “भास होते सगळे.”

त्यानं पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं. तो खुर्चीकडे बघत होता. रिकाम्या.

“मला झोप लागली होती,” तो म्हणाला. “तिनं हाक मारली असेल... मला ऐकू आली नाही.”

ऐकायचं बटण मीच दाबलं. त्याचा आवाज. मग शांतता. मग...

“हं.”

हळू. समजूत काढावी तसं.

बोलून झाल्यावर त्याचे ओठ मिटलेलेच होते. माझेही.

पुस्तक महिन्याभरात झालं. मुलगा पुन्हा कुलपाचं बोलला नाही. त्याच घरात, पुढच्या हिवाळ्यात, तो झोपेत गेला. मोबाईल मुलानं मला आठवण म्हणून दिला. तेव्हापासून माझ्या कपाटात बंद होता.

परवा काढला. चार्ज केला. ते झोप लागल्याचं वाक्य लावलं. त्या रात्री त्या वाक्यापुढे फक्त “हं” होतं. मी या कानांनी ऐकलंय.

आता “हं” नंतर थोडी जागा आहे. मग बाईचा आवाज...

“अहो.”

आणि लगेच त्याचा. टक्क जागा असल्यासारखा.

“आलो.”