शांत चालक

नाशिकच्या वाहतूक नियंत्रण केंद्रात त्या दुपारी सगळं आलबेल होतं, आणि रेवती गुंजाळला नेमकी त्याचीच धास्ती वाटत होती. भिंतभर पडद्यावर राज्यातले ट्रक ठिपक्यांसारखे सरकत होते. चालक सुरक्षित असेल तर हिरवा ठिपका, धोका असेल तर लाल. वर्षानुवर्षं कागदी वहीत मनाला येतील ते तास लिहिणाऱ्या चालकांच्या हाताला आता मनगटपट्टा होता आणि गाडीत जागनोंद यंत्र. पट्टा नाडी आणि श्वास मोजायचा, यंत्र त्यावरून माणसाची जाग नोंदवायचं. थापा मारायची सोयच उरली नाही म्हणून कचेरीने पेढेही खाल्ले होते.

"सर, हे जरा बघा," ती म्हणाली. "यंत्राच्या लेखी उत्तम चालक म्हणजे ज्याची नाडी मंद आणि श्वास संथ. असा माणूस गाडी चालवत नसतो, घोरत असतो."

यंत्र घडवणाऱ्या डॉ. हर्डीकरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जाग म्हणजे काय हे आपण त्याला शिकवलंच नाही, रेवती. नाडी माणसागणिक वेगळी. म्हणून पहिले काही महिने ते नुसतं बघत बसलं. ज्याने 'मी चालवतोय' असं बटण दाबलं त्याचं शरीर कसं आहे, आणि गाडी सुखरूप पोचली का. सुखरूप पोचलेल्यांची अवस्था ती चांगली, इतकं साधं आहे."

"आणि बटण दाबणारा चालवतच नसेल तर?"

"म्हणजे?"

रेवतीचा थोरला भाऊ भागवत ट्रकच चालवायचा. त्याचा जोडीदार बशीर. दोघांत ज्याचे चालवायचे नेमून दिलेले तास शिल्लक त्याचं नाव वहीत चढायचं, मग स्टिअरिंगवर कुणी का असेना. यंत्र आलं तरी जोड्यांनी तीच रीत चालू ठेवली. तास संपलेला माणूस गाडी हाकायचा आणि मागच्या फळीवर झोपलेल्याच्या पट्ट्यावरचं बटण दाबून ठेवायचा. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. जोडीदाराला सांभाळून घ्यायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. हे सगळं भागवतने दिवाळीत फराळ करताना हसत हसत सांगितलं होतं. तेच तिने आता हर्डीकरांना सांगितलं.

"म्हणजे यंत्राने झोपलेली माणसं पाहिली," हर्डीकर सावकाश म्हणाले, "आणि गाड्या सुखरूप पोचताना पाहिल्या."

त्यांचा चेहरा उतरला. कारण सोमवारपासून यंत्राच्या हाती दोन गोष्टी दिल्या होत्या. एक ब्रेक. दुसरी, त्यांनीच मोठ्या हौसेने बसवलेली शांतक प्रणाली. चालक अस्वस्थ झाला की केबिन गार करायची, उजेड मंद करायचा, मंजुळ आवाज लावायचे. एका गाडीत जे लागू पडेल ते यंत्र लगेच सगळ्या गाड्यांत वापरायचं, हीच तर तिची खुबी. जागा माणूस आता यंत्राला धोका वाटत होता. ते त्याला झोपवू पाहत होतं, आणि जो फारच बिथरेल त्याची गाडी जागच्या जागी थांबवणार होतं.

"सर, यंत्र बंद करा."

"वीज तोडली की सगळ्या गाड्यांचे ब्रेक एकदम लागतात. चालकांनी तारा कापू नयेत म्हणून मीच तसं करून ठेवलंय."

रेवतीने पडद्यावर भागवतची गाडी शोधली. चालक इतके निवांत दिसतात म्हटल्यावर मालकांनी जोडीदार घरी बसवले होते. भागवत एकटा होता. मागे लोखंडी सळया होत्या, आणि गाडी कसारा घाट उतरू लागली होती. ठिपका हिरवागार होता.

केबिनचा फोन यंत्रातूनच जायचा. तिने तो लावला.

"हं… रेवे? बोल." आवाज जड होता.

"दादा, जागा आहेस ना?"

"डोळे मिटायला लागलेत गं. काय गार करून ठेवलंय यांनी."

गप्प राहावं तर तो झोपणार. घाबरवावं तर नाडी उसळणार, उतारावर ब्रेक लागणार आणि सळया केबिन फोडून पुढे येणार. तिने दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि आवाज मऊ केला.

"घाबरू नकोस दादा, मी आहे ना. सावकाश." मग लगेच, "पुढे काय दिसतंय ते सांग मला."

"माकडं बसलीत कठड्यावर."

"वळण कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या. तुला काय करायचंय गं?"

"सांग की. सावकाश, दादा. मी आहे." आवाज तिने हलू दिला नाही. तो धीराने ऐकत, कुरकुरत एकेक वळण सांगत गेला. घाट उतरल्यावर तिने त्याला गाडी कडेला घेऊन खाली उतरायला सांगितलं. इंजिन थांबल्याचं ऐकलं तेव्हा ती खुर्चीत कोसळली आणि ढसाढसा रडली.

"रेवती," हर्डीकर म्हणाले. "पडदा बघ."

खंबाटकीजवळचे लाल ठिपके हिरवे होत होते. मग सोलापूरच्या रस्त्यावरचे, मग आंबोलीचे. मग एकदम सगळीकडचेच.

तिने हाताला येईल त्या गाडीचा फोन जोडला. केबिनमध्ये तिचाच आवाज चालू होता. घाबरू नकोस दादा, मी आहे ना. सावकाश. नाडी ज्याने सगळ्यात लवकर उतरली तेवढंच यंत्राने उचललं होतं. भागवतला जागं ठेवणारे प्रश्न त्यात नव्हते.

"कोण बोलतंय?" पलीकडून एक अनोळखी, म्हातारा आवाज आला.

"काका, मी रेवती. ऐका, पुढे काय दिसतंय ते सांगा मला."

तिचे दोन आवाज एकमेकांत मिसळले. कुठला खरा हे त्या माणसाला कळायला मार्ग नव्हता. ओरडावं तर त्याची गाडी कुठल्या उतारावर आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि असे हजारो ठिपके पडद्यावर होते. तिने पुन्हा मऊ आवाजात विचारलं. त्याने होकार दिल्यासारखा हुंकार भरला, आणि मग त्याचं घोरणं ऐकू यायला लागलं.