तिलथीची हाक

पिथौरागढ जिल्ह्याच्या माहितीपत्रकात तिलथीला चार ओळी मिळाल्या होत्या. तिबेटशी मीठ-लोकरीचा व्यापार करणाऱ्यांचं गाव, बासष्ट सालानंतर ओस, नंदादेवीचं सुरेख दर्शन. ओस म्हणणं काही खरं नव्हतं. नऊ कुटुंबं अजूनही उन्हाळ्यात वर येत, बटाटा लावत आणि बर्फाच्या आधी दोन दिवस चालून मुनस्यारीला उतरत. पण पाहुण्यांना ओसच गाव बघायचं असतं, म्हणून गोकर्णसिंह वाटाड्या ती चूक दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे.

यंदा गाव उतरून चार दिवस झाले होते. हंगामातली शेवटची तुकडी घेऊन तो वर आला होता: कलकत्त्याच्या निवृत्त इतिहासशिक्षिका सोमादी, त्यांच्या तीन मैत्रिणी आणि खेचरवाला दरपान. दुपारी सत्तू खाऊन, कोरलेल्या चौकटींचे फोटो काढून मंडळी गावाखालच्या दगडी कमानीशी आली. ढग नंदादेवी गिळून खाली सरकत होते.

तिथे सोमादींनी हाकेचा विषय काढला. गाव उतरताना कमानीत उभं राहून, गावाकडे पाठ करून, गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस एकेका घराला हाक देतो. घरधनी "रिकामं" म्हणतो. उत्तर आलं नाही तर कोणीतरी परत वर जाऊन बघून येतं, तोवर सगळे थांबतात. त्यांनी हे वाचलं होतं, आता ऐकायचं होतं.

"खेळ म्हणून नाही द्यायची हाक, गोकर्णदा," दरपान खेचराचा पट्टा आवळत म्हणाला.

गेल्या वर्षी इथेच भुरभुर सुरू असताना खुशालच्या घराला हाक पडली होती. खुशाल गोकर्णचा थोरला भाऊ, त्याचा दाज्यू, एकटा जीव. उत्तर येईना. गोकर्ण सगळ्यांत मागे, थंडीने कावलेला. दाज्यू बकऱ्या घेऊन पुढे गेला असणार असं समजून यानेच "रिकामं" म्हणून टाकलं. तो मुनस्यारीत नाही हे कळेपर्यंत वरची वाट बर्फाने बंद झाली होती. जूनमध्ये दार उघडलं तेव्हा खुशाल चुलीशी होता. पाय मोडलेला. लाकडं संपलेली, सत्तूचं मडकं बोटांनी खरवडलेलं.

तेव्हापासून इजा, त्याची आई, त्याच्या हातचं काही खात नव्हती. तो रोज ताट ठेवायचा. ती म्हणायची, "तुझ्या भावाला वाढ आधी." आणि शेजारणीकडे जेवायची. शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. या वर्षी गावाने खुशालच्या घराला हाकच दिली नाही, हे तर त्याच्या फारच जिव्हारी लागलं होतं.

आज आपण हाक द्यावी, उत्तर येणार नाही, मग वर जाऊन बघून यावं. इजाला सांगता येईल, गेलो होतो म्हणून. उशिरा का होईना.

"देतो," तो म्हणाला. "तुम्ही 'रिकामं' म्हणा. फक्त खुशालसिंहाच्या घराला गप्प राहा."

गावाकडे पाठ करून त्याने सुरुवात केली. बायका हसत उत्तरं देत होत्या. सात घरं झाली.

"खुशालसिंहाचं घर!"

सगळ्या गप्प राहिल्या.

"रिकामं."

घाईचा, थंडीने चिरकलेला आवाज. वरून, घरांमधून आला. गोकर्णला तो ओळखायला वेळ लागला, कारण स्वतःचा आवाज माणूस बाहेरून कधी ऐकत नाही.

सोमादींनी कौतुकाने विचारलं, हे कसं केलंत? दरपानने खेचराचं तोंड उताराकडे वळवलं. "चला," एवढंच तो म्हणाला.

"उत्तर खोटं आहे," गोकर्ण म्हणाला. "मी बघून येतो. थांबा."

तो वर धावला. भीती होतीच, पण आज माघारी फिरणं त्याच्याने होणार नव्हतं. खुशालच्या दाराची कडी काढली. आत झाडलेली जमीन, थंड चूल. कोणी नव्हतं. त्याने दोनदा हाक मारली, "दाज्यू." मग तिथेच उभा राहून रडला.

तेवढ्यात खालून उरलेल्या घराची हाक आली. दरपान देत होता.

"गोकर्णसिंहाचं घर!"

"रिकामं," कोणीतरी शांतपणे म्हणालं.

तो आवाज वरून आला नव्हता. कमानीतून आला होता.

गोकर्ण बाहेर आला. बर्फ पडू लागलं होतं. मंडळी उतरायला लागली होती.

"चार पाहुण्या, आम्ही दोघं," दरपानने मोठ्याने मोजलं. "सहा. बरोबर."

गोकर्ण ओरडला. खेचराने कान हलवले. माणसांपैकी कोणी वळलं नाही.

तो कमानीपर्यंत पळत आला. कमानीच्या पुढे पाऊल पडेना.

सगळ्यांत पुढे लाल टोपीवाला चालत होता. गोकर्णने डोक्याला हात लावला. त्याची लाल टोपी डोक्यावर होती.

निसरड्या जागी त्या माणसाने सोमादींना हात दिला. त्या काहीतरी बोलल्या, तो हसला. किंचित लंगडत होता.

परवा दुपारी ते मुनस्यारीला पोहोचतील. तो इजापुढे ताट ठेवेल. आणि इजा जेवेल.