काळा दोरा, निळं बोट

अमडापूरच्या दवाखान्यात दुपारी पेशंट नसले की मी कापसाचे बोळे करत बसते. त्या दिवशी मान वर केली, तर दारात एक उंच पोरगा… हाताला प्लास्टर, चेहरा पडलेला.

"सिस्टर, बोट निळं पडून राह्यलं. प्लास्टर गच्च झालं वाटते."

हा गोकुळ. शेंगा काढायला शेवग्यावर चढला अन् फांदीसकट खाली आला. शेवग्यावर कोणी चढतं का? मी आधी बोट पाहिलं. प्लास्टर बिचारं सैलच होतं, अंगठ्याला मात्र काळा दोरा करकचून बांधलेला.

"मायनं बांधला. नजर लागू नये म्हून."

"तुमाले कोणाची नजर लागते?"

त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं… मी घाईनं कात्री शोधायला लागले.

दोरा कापला, तसं बोट लालबुंद झालं. तो घाबरला.

"काही होत नाही," मी म्हटलं. "इतका वेळ उपाशी होतं ना, म्हणून तिथल्या बारीक नसा सताड उघडल्या. जिथं गरज तिथं त्या उघडतात. माणूस भ्यायला की हाताच्या आवळतात, मग हात गार पडतात." नख दाबलं, पांढरं झालं. सोडलं, लगेच गुलाबी. "जा आता."

गेला. दुसऱ्या दिवशी परत. "नख पाहता का?" मग रोजचंच झालं. मीही पाहायचे, कशाला खोटं बोलू?

एके दिवशी अंगठ्यावर पुन्हा दोरा.

"मायनं…"

"तुमची माय सकाळीच बीपी तपासून गेली. दोऱ्याचं नावही काढणार नाही म्हणे."

तो खाली पाहायला लागला. मला असा राग आला, डोळेच भरून आले. "बोट गेलं असतं म्हणजे?"

"नाई करत पुन्हा," तो हळूच म्हणाला. "पण मंग… यावं कायच्या निमित्तानं?"

मी दोरा कापला अन् कचऱ्याच्या डब्यात टाकला.

प्लास्टर काढायच्या दिवशी सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. हात बरा झाला की त्याचं इथं काय काम? तो आपल्या वांग्याच्या शेतात, मी आपल्या बोळ्यांत. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं अन् ते आत गेले. गोकुळ दारापर्यंत गेला… अन् वळला.

"जरा हात दाखवा, सिस्टर."

त्यानं माझं नख दाबलं, सोडलं. ते पांढरंच राहिलं.

"हात तं गारठून गेला. काऊन भिऊन राह्यली तू, राखी?"

"तू जाशीन म्हून," मी बोलून बसले.

तो हसला. "अन् गाल काऊन लाल?"

"तिथल्या नसा उघडल्या… माझं ऐकतात का त्या?"

"मंग मायले पाठवतो तुमच्या घरी."

"पाठव," मी म्हटलं. "पण दोरा आणू नका म्हन त्याईले."

हात त्याच्याच हातात होता. सोडवायचं मला सुचलंच नाही.